काकडी करकरीत राहावी म्हणून: बाजारापासून ताटापर्यंत

माझा भाचा नोकरीसाठी पुण्यात खोली घेऊन राहतो. अलीकडेच स्वतःचा स्वयंपाक करायला लागलाय. परवा रात्री त्याचा फोन आला. "मावशी, काकडीची कोशिंबीर केली होती. भात होईपर्यंत वाटीत नुसतं पाणी झालं, आणि काकडी लिबलिबीत. काय चुकलं?" मी विचारलं, "मीठ कधी घातलंस?" तो म्हणाला, "काकडी चिरल्या चिरल्या."

चूक तिथे होतीच. पण बोलता बोलता कळलं की काकडी निबर होती, आठ दिवस फ्रिजमध्ये पडून होती आणि किसणीवर किसलेली होती. म्हणजे मीठ पडायच्या आधीच तिच्यात फारसा दम उरला नव्हता. त्या रात्री त्याला जे सांगितलं ते इथे पहिल्यापासून नीट लिहिते. हे नुकतेच स्वयंपाकाला लागलेल्यांसाठी आहे, त्यामुळे काही गोष्टी अगदी बारकाईने सांगेन.

आधी एक समजून घ्या. काकडीत वजनाच्या साधारण ९५ टक्के पाणी असतं. ते बारीक बारीक पेशींमध्ये गच्च भरलेलं असतं, आणि त्या पेशी दाताखाली फुटतात तेव्हा कर्र आवाज येतो. पाणी पेशीत आहे तोवर काकडी करकरीत. ते बाहेर आलं की काकडी मऊ पडते आणि वाटीत तळं होतं. खरेदीपासून मिठापर्यंत आपण जे जे करतो त्यात बघायचं ते एवढंच, की हे पाणी कधी आणि किती बाहेर येऊ द्यायचं.

घेताना

आपल्याकडच्या बाजारात काकडी एका जातीची नसते. फिकट, पांढरट सालीची जी काकडी दिसते, त्यातली हिमांगी ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेली जात. तिची साल पातळ असते आणि कोशिंबिरीला ती मला सगळ्यात आवडते. पुणे खिरा म्हणून जी ओळखली जाते ती आखूड, फिकट हिरवी, थोडी जून झाली की पिवळसर-तपकिरी दिसायला लागते. गर्द हिरवी, लांब, सरळसोट आणि जवळजवळ बिनबियांची मिळते ती बहुतेक पॉलिहाउसमधली. चकत्यांना आणि सँडविचला ती छान, पण चवीला जरा फिकी. वाळूक हे काकडीच्या ढिगाशेजारी दिसलं तरी ते वेगळं फळ आहे, खरबुजाच्या जातीतलं. त्याची कोशिंबीरही होते, पण चव आणि वास निराळा.

जात कुठलीही असो, बघायच्या गोष्टी त्याच. मध्यम आकाराची, सारख्या जाडीची घ्या. पोट फुगलेली घेऊ नका, कारण पोट फुगलं म्हणजे आत बिया जून झाल्या. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. मग अंगठ्याने दोन्ही टोकं हलकेच दाबा. काकडी मऊ पडायला लागते ती टोकाकडून, मधलं अंग त्यानंतर बरेच दिवस टणक राहतं. म्हणून नुसतं मध्ये दाबून बघणाऱ्याला शिळी काकडी ताजी वाटते. हिरव्या काकडीच्या पोटाला पिवळी झाक आली असेल तर ती परत ठेवून द्या.

भाजीवाल्या मावशींना "कोवळी बघून द्या, कोशिंबिरीला हवी" असं सांगितलं की त्या बहुधा स्वतःच निवडून देतात. नुसतं "अर्धा किलो काकडी द्या" म्हटलं तर हाताला येईल ती तागडीत पडते. कशासाठी हवी ते सांगायची सवय लावून घ्या, भाजीबाजारात तिचा फार उपयोग होतो.

आणि लागेल तेवढीच घ्या. दोघांना एक मोठी किंवा दोन लहान काकड्या एका जेवणाला पुरतात.

घरी आणल्यावर

लगेच धुऊन ओली ठेवू नका. कोरडी पुसा, सुती कापडात किंवा कागदात गुंडाळा आणि फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवा. अगदी वर, गार हवा थेट लागते तिथे नको. काकडीला १० अंशांच्या खालची थंडी फार दिवस सोसत नाही, आणि घरचा फ्रिज त्याहून बराच थंड असतो. चार-पाच दिवसांनी सालीवर खोलगट ठिपके पडतात, आत पाणचट डाग दिसतात, बाहेर काढली की काकडी भराभर मऊ पडते. म्हणून तीन दिवसांत संपवायची.

केळी, टोमॅटो, आंबे यांच्या शेजारी काकडी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने काकडी लवकर पिवळी पडते. फळांच्या टोपलीत काकडी छान दिसते, पण टिकत नाही.

कडू आहे का ते बघणं

ही पायरी नवीन माणसं हमखास गाळतात आणि मग सगळी कोशिंबीर टाकावी लागते.

काकडी वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. गावरान काकडीवर बारीक लव आणि काटे असतात, त्यात माती बसते. मग देठाकडचं टोक दोन बोटं कापून टाका, फुलाकडचं अर्धं बोट. कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. तो देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो. वेलाला पाण्याचा ताण पडला, ऊन फार झालं, की तो वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत कडू काकडी जास्त वेळा हाती लागते ती त्यामुळे.

कापलेल्या टोकाला मीठ लावून तेच टोक गोल गोल घासायचं, पांढरा फेस आला की कडूपणा निघाला, असं आपल्याकडे घरोघरी करतात. माझी आजीही करायची, मीही वर्षानुवर्षं केलं. आता एवढ्या काकड्या चिरल्यावर माझं मत असं झालंय की उपयोग होतो तो टोक कापल्याचा. फेस म्हणजे काकडीचा चीक. आतली काकडी कडू असेल तर कितीही घासलं तरी ती कडूच लागते. घासायचं असेल तर घासा, वाईट काहीच नाही. पण त्या भरवशावर चव घेणं सोडू नका.

देठाकडून एक पातळ चकती कापून चावून बघा. किंचित कडवट लागली तर आणखी दोन बोटं कापा, साल जरा जाड काढा, पुन्हा चव घ्या. अगदी कडूजहर लागली तर ती काकडी टाकून द्या. दही, साखर घालून कडूपणा झाकू नका आणि शिजवून जाईल असंही समजू नका, शिजवून तो जात नाही. फार कडू काकडी पोटात गेली तर उलट्या, पोटात मुरडा असा त्रास होऊ शकतो. आणि प्रत्येक काकडी वेगळी चाखायची. एका वेलाची एक गोड आणि दुसरी कडू निघते.

सोलावी का?

पातळ सालीची कोवळी काकडी असेल तर सोलाण्याने एक पट्टा काढा, एक ठेवा. दाताखाली थोडी साल आली की काकडी जास्त करकरीत लागते आणि चकत्या मोडत नाहीत. साल जाड असेल किंवा काकडी चोचवायची, म्हणजे सुरीच्या घावांनी बारीक करायची असेल तर पूर्ण सोला.

चिरणं

इथे थोडं थांबते, कारण कोशिंबिरीचं बरंवाईट इथेच ठरतं.

सुरीचा प्रत्येक घाव काही पेशी फोडतो. सुरी धारदार असेल तर पात्याखाली येतील तेवढ्याच फुटतात. बोथट असेल तर ती आजूबाजूच्याही चिरडते. काकडी चिरल्यावर पाटावर पाण्याचं थारोळं झालं तर आधी सुरीला धार लावा. किसणी तर सगळ्यात जास्त पेशी फाडते. म्हणून किसलेली काकडी थालीपीठाला, धपाट्यांना उत्तम, कारण तिथे पाणी सुटलेलंच हवं असतं. करकरीत कोशिंबिरीला किसणी नको.

खमंग काकडीसाठी काकडी चोचवतात. हा शब्द आणि हे काम दोन्ही हल्ली कमी होत चाललंय, म्हणून सविस्तर सांगते. सोललेली काकडी डाव्या हातात आडवी धरायची. उजव्या हातात सुरी घेऊन तिच्या अंगावर लांबीच्या दिशेने भराभर, जवळजवळ, हलके घाव घालायचे. टच-टच-टच असा आवाज येतो. काकडी थोडी फिरवायची, पुन्हा घाव. सगळं अंग असं चिरांनी भरलं की वरचा चिरलेला थर सुरीने पातळ कापून ताटलीत पाडायचा. तांदळाच्या कण्यांएवढे, पण सुटे सुटे तुकडे पडतात. मग आतल्या भागावर पुन्हा तेच. आजी हे गप्पा मारता मारता करायची, नजर दुसरीकडे असायची आणि तुकडे मात्र एकासारखे एक पडायचे.

हातात धरून चोचवणं पहिल्याच दिवशी करू नका. हात कापतो. सुरुवातीला असं करा: काकडीचे आडवे दोन-तीन तुकडे करा, एकेक तुकडा चॉपिंग बोर्डवर उभा धरा. वरून खाली, तळापर्यंत न नेता, दोन-तीन मिलिमीटरच्या अंतराने समांतर चिरा द्या. तुकडा काटकोनात फिरवून पुन्हा तशाच चिरा. वरून बघितलं तर जाळी दिसेल. आता तुकडा आडवा ठेवून पातळ काप करा, की एकदम बारीक चौकोनी तुकडे मोकळे होतील. बोटांची टोकं आत वळवलेली ठेवा. दहा-बारा काकड्यांनंतर हात बसतो.

काकडी जराशी जून निघाली तर चोचवण्याआधी उभी चिरून चमच्याने बिया खरवडून काढा. बियांभोवतीचा गर सगळ्यात पाणीदार असतो आणि तोच कोशिंबीर पाणचट करतो. कोवळीच्या बिया काढायची काहीच गरज नाही.

पिळणं, आणि मीठ

चोचवलेली काकडी पाच मिनिटं तशीच ठेवली की थोडं पाणी आपोआप सुटतं. मग मुठीत घेऊन हलकेच दाबा. कपडे पिळल्यासारखं पिळायचं नाही. सुटं पाणी जाऊ द्यायचं आणि तुकड्यातलं तुकड्यात ठेवायचं. मूठ उघडल्यावर तुकडे पुन्हा मोकळे झाले पाहिजेत. गोळा होऊन राहिले तर जास्त पिळलं गेलं.

ते पाणी टाकू नका. ताकात घाला, कणीक भिजवायला घ्या, किंवा जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घालून उभ्या उभ्या पिऊन टाका.

आता मीठ. मीठ पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतं, म्हणून ते वाढायच्या क्षणी घालायचं. पानं घेतली, भात वाढायला सुरुवात झाली, की मग मीठ. हे मी एकदा चांगलंच शिकले. गणपतीच्या दिवशी घाई नको म्हणून सकाळी दहालाच कोशिंबीर मीठ-साखरेसकट कालवून ठेवली. नैवेद्याचं केळीचं पान वाढलं, डाव्या बाजूला चटणीखाली कोशिंबीर, आणि बघता बघता तिचं पाणी पानाच्या मधल्या शिरेवरून ओघळत थेट वरणभाताच्या मुदीखाली गेलं. पान बदलावं लागलं. तेव्हापासून सणाच्या दिवशी मिठाची वाटी मी पानं वाढणाऱ्याच्या हातात देते.

साखरही पाणी ओढते, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यामुळे ती मिठाबरोबरच घालायची.

सिंहगडावर चढताना काकडी विकायला बसलेल्या बायका बघा. गिऱ्हाईक आलं की काकडी सोलतात, उभ्या चार फाका करतात, आणि तिखटमीठ लावतात ते हातात देताना. एवढ्या उन्हात ती काकडी इतकी करकरीत लागते त्यात या क्रमाचा मोठा वाटा आहे.

मीठ आधी लावायचं एकच काम आहे. दही घालून दाट कोशिंबीर करायची असेल आणि ती तासभर तशीच राहायला हवी असेल, तर पातळ चकत्यांना थोडं मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पिळून टाका आणि मग दह्यात घाला. काकडी कर्र वाजणार नाही, चिवट-कुरकुरीत होईल, पण दही पातळ होणार नाही. मग वरून मीठ घालायच्या आधी चव घ्या, कारण काही मीठ आत शिरलेलं असतं.

खमंग काकडी, चौघांसाठी

दोन मध्यम काकड्या, म्हणजे अंदाजे ४०० ग्रॅम. चोचवून, हलक्या पिळून घ्या. चार मोठे चमचे दाण्याचं कूट, दोन मोठे चमचे ओलं खोबरं, एक लहान चमचा साखर, अर्ध्या लिंबाचा रस, मूठभर कोथिंबीर, चवीपुरतं मीठ. फोडणीला एक मोठा चमचा तूप, अर्धा चमचा जिरं, चिमूटभर हिंग, दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे.

कूट जाडसर ठेवा. दाणे मंद आचेवर खरपूस भाजा, गार करा, सालं काढा आणि मिक्सर एकदोनदाच, थांबत थांबत फिरवा. पीठ झालेलं कूट पाणी पिऊन चिकट लगदा होतं.

काकडीवर कूट आणि खोबरं पसरा, पण कालवू नका. तूप तापवून जिरं तडतडलं की हिंग, मिरच्या, आणि गॅस बंद. फोडणी मिनिटभर निवू द्या, मग ती कुटावर आणि खोबऱ्यावर ओता, काकडीवर थेट नको. कडकडीत तूप काकडीवर पडलं की तिथली काकडी शिजून मऊ पडते, आणि कूट मात्र ते तूप पिऊन आणखी खमंग होतं. आता लिंबू, कोथिंबीर. वाढताना मीठ आणि साखर घालून दोन चमच्यांनी हलक्या हाताने वरखाली करा.

उपवासाला करायची तर हिंग नको, जिऱ्या-मिरचीची तुपातली फोडणी पुरे. कोथिंबीर कुणाकडे चालते, कुणाकडे नाही, ते घरात विचारून घ्या.

पाहुणे असतील तर

काकडी दोन तास आधी चिरून ठेवता येते. पिळा, डब्यात भरा, वर ओलसर कापड घाला, झाकण लावा, फ्रिजमध्ये ठेवा. कूट आणि खोबरं वेगळ्या वाटीत, मीठ आणि साखर तिसऱ्या. फोडणी आयत्या वेळी. वीस जणांची कोशिंबीर असेल तर एकदम कालवू नका. पहिल्या पंगतीपुरती कालवा, मग दुसरीपुरती.

ऑफिसच्या डब्यातही हाच हिशोब. काकडीच्या फाका कोरड्या पुसून एका डबीत, तिखटमीठ कागदाच्या पुडीत. दुपारी एक वाजता पुडी उघडायची.

चकत्या मऊ पडल्या तर

नुसत्या सॅलडच्या ताटासाठी चकत्या हव्यात आणि काकडी थोडी मरगळलेली आहे, तर चकत्या करून बर्फ घातलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. पेशी पाणी ओढून घेतात आणि चकत्या पुन्हा ताठ होतात. अख्खी काकडी बुडवून एवढ्या वेळात फरक दिसत नाही, सालीतून पाणी सहजी आत जात नाही. या पाण्यात मीठ घालायचं नाही. तासन्‌तास ठेवायचं नाही, चव उतरते. बाहेर काढल्यावर स्वच्छ फडक्याने टिपून घ्या, नाहीतर लिंबू आणि चाटमसाला ताटात वाहून जातो. आतून सडलेल्या, बुळबुळीत काकडीवर मात्र याचा काही उपाय नाही.

निबर निघाली तर

सगळी काळजी घेऊनही कधीतरी काकडी चिरल्यावर आत टपोऱ्या, कडक बिया निघतात. कडू नसेल तर ती वाया घालवू नका, पण कोशिंबिरीचा हट्ट सोडा. बिया काढा, किसा, सुटलेल्या पाण्यासकट थालीपीठाच्या भाजणीत घाला. वेगळं पाणी जवळजवळ लागत नाही. भाजणी एकदम न घालता काकडीच्या पाण्यात मावेल तेवढीच घालत जा.

कोकणात आणि गोव्यात तर पावसाळ्यातली मोठी, जून काकडी मुद्दाम यासाठीच ठेवतात. तिला तवसं म्हणतात. ते किसून तांदळाचा रवा, गूळ आणि ओलं खोबरं घालून तवसळी करतात, कुठे त्याच धर्तीचं धोंडस. कोवळ्या काकडीला हा पदार्थ जमत नाही, तिच्यात तो गोडसर वासच नसतो. गणपतीच्या सुमारास कोकणातून कुणी येत असेल तर एक तवसं मागवून ठेवा. साल तशीच अखंड असेल तर ते कोरड्या जागी बरेच दिवस टिकतं, फ्रिजमध्ये घालायची गरज पडत नाही.